एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडली तर: तयार किट घ्यावं की सुटं सामान?

‘रोडसाइड इमर्जन्सी किट’ नावाची चेनवाली बॅग सध्या प्रत्येक ॲक्सेसरीवाल्याकडे लटकलेली दिसते, ऑनलाइन तर तिचे ढीग आहेत. किंमत साधारण हजार ते अडीच हजार. आत त्रिकोण, जंपर केबल, टोचनाचा दोर, टॉर्च, हातमोजे, चमकणारं जाकीट, पेनासारखा हवेचा गेज, काच फोडायची हातोडी, टेप, केबल टाय आणि एक स्क्रूड्रायव्हर. बॅगेवरची नावं निरनिराळी, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नियमित जाणाऱ्यांनी ही बॅग घेऊ नये, असं आमचं मत आहे. त्यातल्या जाकीट आणि हातोडीला नाव ठेवायला जागा नाही. पण या रस्त्यावर ज्याची खरी गरज पडते तो हवेचा पंप त्यात बहुतेकदा नसतोच, आणि जे असतं त्यातलं बरंचसं रस्त्यात उभं राहून दुरुस्ती करायच्या कामाचं असतं.

तेच इथे करायचं नसतं. कळंबोली ते किवळे हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता सहा लेनचा आहे, सपाटीवर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे मागून येणारी गाडी एका सेकंदात 28 मीटर पुढे येते. शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, बॉनेट उघडून वाकलेला माणूस ट्रकवाल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे प्रत्येक वस्तूला आम्ही एकच कसोटी लावली: हिच्यामुळे गाडी कडेला उभी राहण्याचा वेळ कमी होतो की वाढतो?

या कसोटीवर पहिला नंबर 12 व्होल्टच्या हवेच्या पंपाचा. एक्स्प्रेसवेवरचं पंक्चर दरवेळी फाडकन टायर फुटून होत नाही. खिळा रुतून बसतो आणि हवा हळूहळू उतरत जाते. टीपीएमएस, म्हणजे टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत ठरलेल्या दाबाच्या साधारण चतुर्थांश हवा कमी झाली की दिवा लागतो, म्हणजे 33 पीएसआयच्या टायरला 25 च्या आसपास. अशा वेळी वेग 60 ते 70 वर आणून डाव्या लेनने पुढच्या फूड मॉलपर्यंत किंवा खालापूर, लोणावळा, तळेगाव यांपैकी जवळच्या एक्झिटपर्यंत जाता येतं. दाब 20 च्या खाली गेला असेल आणि एक्झिट दूर असेल, तर सुरक्षित जागी दोन मिनिटं हवा भरून पुढे निघायचं. चाक बदलायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं त्यामुळे शोल्डरवर काढावी लागत नाहीत.

पंप घेताना खोक्यावरचा ‘35 लिटर प्रति मिनिट’ हा आकडा फार मनावर घेऊ नका. तो नळी मोकळी असतानाचा असतो. समोर टायरचा दाब आला की प्रवाह निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. 185/65 आर15 टायरमध्ये साधारण 30 लिटर जागा असते. त्यात 20 वरून 33 पीएसआयवर जायला जवळपास 27 लिटर बाहेरची हवा लागते, म्हणजे चांगल्या पंपाला दोन मिनिटं. पूर्ण बसलेल्या टायरला 70 लिटर, म्हणजे पाच मिनिटं किंवा थोडी जास्त. 215/60 आर17 सारख्या एसयूव्हीच्या टायरला याच्या दीडपट धरा. स्वस्त पंपाचा सिलिंडर छोटा असतो, त्याला हेच काम दहा-बारा मिनिटं लागतं आणि मध्येच तो तापून बंद होतो. बहुतेक लहान पंप सलग दहा मिनिटंच चालवायचे असतात, मग तेवढीच विश्रांती. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि पंप जळतात ते हे न वाचल्यामुळेच.

वायर किती लांब आहे ते दुकानातच मोजून बघा. सॉकेट पुढे, गिअरच्या जवळ असतं. तीन मीटर वायर आणि अर्धा मीटर नळी असेल तर पुढची चाकं होतात, मागची होत नाहीत. सेडानला वायर आणि नळी मिळून साडेचार मीटर हवीत. दुसरं, सॉकेटच्या झाकणावर बहुधा 12 व्होल्ट, 120 वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे 10 अँपियर. दोन सिलिंडरचे दणकट पंप याहून खूप जास्त करंट ओढतात, ते बॅटरीला चिमटे लावूनच चालवायचे. सॉकेटला लावले तर फ्यूज उडतो आणि त्याबरोबर मोबाइलचं चार्जिंगही जातं, नेमकं मदत मागायची असते तेव्हा. त्यासाठी 15 अँपियरचा निळा आणि 20 चा पिवळा असे दोन-दोन फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्यात. बदलताना मूळ फ्यूज जेवढ्याचा होता तेवढ्याचाच बसवायचा. पंप चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर चाकात हवा भरते आणि बॅटरी उतरते.

बॅटरीवर चालणारे, हातात मावणारे पंप सध्या जोरात खपतात. दिसायला छान, वापरायला सोपे. शहरात महिन्यातून एकदा दाब सारखा करायला ते उत्तम. पण सहा महिने डिकीत पडून राहिलेल्या पंपाची बॅटरी ऐन वेळी एकच दांडी दाखवते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतली उष्णता लिथियम बॅटरीला मुळीच मानवत नाही. केवळ अडचणीच्या वेळेसाठी पंप घ्यायचा असेल तर वायरवालाच घ्या. ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा असावा. गेज पेट्रोल पंपावरच्या गेजशी एकदा ताडून बघा, दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास निघतो. धावून गरम झालेल्या टायरमध्ये दाब तीन-चारने वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नका. ‘एक्स्प्रेसवेला हवा थोडी कमीच ठेवावी’ हा सल्ला अजूनही चालतो आणि तो चुकीचा आहे. कमी हवेने टायरची बाजू जास्त दुमडते, जास्त तापते आणि टायर फुटायला तेच निमित्त होतं.

पंपाला एक मर्यादा आहे. बसलेल्या टायरवर गाडी अर्धा-एक किलोमीटर धावली असेल तर बाजूच्या भिंतीवर गोल वळ उठलेला दिसतो आणि आत रबराची काळी भुकटी झालेली असते. तो टायर संपला. त्यात हवा भरून पुढे जायचं नाही.

ट्यूबलेस पंक्चर किट तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतं आणि घ्यावं, पण वापरायचं फूड मॉलच्या पार्किंगमध्ये किंवा एक्झिटनंतर. यात फरक पडतो तो हत्यारांच्या मुठीने. सरळ प्लास्टिकच्या मुठीचा रिमर, म्हणजे भोक साफ करायचा खरबरीत दाभण, कारच्या रेडियल टायरमधल्या स्टीलच्या तारांपुढे टिकत नाही, मूठ फिरून हातात येते. इंग्रजी टी आकाराची धातूची मूठ पाहून घ्या. खिळा ज्या तिरकेपणाने शिरला त्याच रेषेत रिमर घालायचा, आठ-दहा वेळा आत-बाहेर करून भोक साफ करायचं. किटमधली रबरी पट्टी सुईत मध्यावर ओवायची, सोल्यूशन लावायचं, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकी आत ढकलायची आणि सुई झटक्यात बाहेर ओढायची. हळू ओढली की पट्टीही तिच्यामागे येते. वरचं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. भोक टायरच्या चालत्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच हा इलाज. बाजूच्या भिंतीला पट्टी लावून कुणीही एक्स्प्रेसवेवर गाडी घालू नये. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, तेव्हा नवी पंधरा-वीस रुपयांची ट्यूब दरवर्षी टाका. पट्टी लावलेल्या टायरला घरी पोचल्यावर आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ असलेलं छत्रीसारखं ठिगळ, मारून घ्या.

स्टेपनी बदलावीच लागली तर गाडीबरोबर आलेला जॅक पुरतो, पाना पुरत नाही. टायरवाले हवेच्या गनने नट इतके आवळतात की कंपनीच्या वीतभर एल-पान्याने ते हलत नाहीत. मग लोक त्यावर उभे राहून उड्या मारतात, पाना निसटतो आणि नटाचे कोपरे झिजतात. पाचशे-सातशे रुपयांचा लांबणारा दांड्याचा पाना ही या यादीतली सगळ्यात वसूल खरेदी. माप पाहून घ्या: गाडीप्रमाणे 17, 19 किंवा 21 मिमी असतं. फोक्सवॅगन-स्कोडाला नटाऐवजी 17 मिमीचे बोल्ट असतात, चाक उचलून धरून भोकं जुळवावी लागतात. अलॉय व्हीलला चोरीविरोधी नट असतील तर त्याची चावी सर्व्हिस सेंटरवरून परत आली आहे का, हे आजच बघा. डिकीतून ती गायब असल्याचं सहसा घाटातच कळतं. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, मग जॅक. नंतर उलट्या कोपऱ्यातले नट एकाआड एक आवळायचे. चढ-उतारावर जॅक लावायचा नाही, म्हणजे बोरघाटाचा बहुतेक भाग बाद. उजवं, म्हणजे धावत्या लेनकडचं चाक असेल तर शोल्डरवर हात लावायचा नाही, क्रेनची वाट पाहायची. आणि स्टेपनी छोट्या मापाची असेल तर तिच्यावर 80 ची मर्यादा छापलेली असते, ती पाळावी.

आता त्रिकोण. तयार बॅगेतली सगळ्यात फसवी वस्तू हीच. हलका प्लास्टिकचा त्रिकोण घरात छान उभा राहतो, शेजारून कंटेनर गेला की आडवा होतो. घ्यायचा तर वजनदार धातूच्या पायांचा, एआयएस 022 किंवा ई-खुणेसह 27आर असा शिक्का असलेला. शिक्का नसलेल्या त्रिकोणाचे रिफ्लेक्टर दिव्याच्या उजेडात नुसते लाल दिसतात, परत उजेड फेकत नाहीत. मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून दहा पावलांवरून बघितलं की फरक लगेच कळतो.

किती मागे ठेवायचा? 50 मीटरवर ठेवला तर ताशी 100 ने येणाऱ्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. 100 मीटरवर साडेतीन सेकंद. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, नाहीतर ठेवून उपयोग काय. पण तिथवर जाणारा माणूस स्वतः धोक्यात असतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये मोटरवेवर त्रिकोण ठेवू नका असंच सांगितलं आहे, ते याच कारणाने. आमचा सल्ला असा: दिवसा, रुंद शोल्डर असेल आणि कठड्यापलीकडून चालत जाता येत असेल तर त्रिकोण ठेवा. रात्री, पावसात, धुक्यात किंवा बोगद्याजवळ तो नाद सोडा. अशा वेळी टपावर चुंबकाने चिकटणारा पिवळ्या-नारिंगी एलईडीचा लुकलुकणारा दिवा जास्त कामाचा, चारशे-पाचशे रुपयांत मिळतो आणि लावायला दार उघडून हात वर केला की झालं. दगड आणि झाडाच्या फांद्या मांडण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड लेनमध्येच राहतो.

चमकणारं जाकीट ईएन आयएसओ 20471 वर्ग 2 असं लिहिलेलं घ्या, आणि जितके प्रवासी तितकी नाही तरी निदान दोन. ती डिकीत ठेवली तर ती काढायलाच रस्त्यावर उतरावं लागतं, म्हणून दाराच्या कप्प्यात. हातोडीही तिथेच. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची असते. पुढची काच थरांची असते, तडकते पण फुटून पडत नाही.

जंपर केबल या कसोटीवर पार नापास. चालती गाडी बॅटरीमुळे क्वचितच बंद पडते. ती बंद पडते फूड मॉलवर तासभर वडापाव-चहा करून परत आल्यावर. तिथे दुसरी गाडी नाकाला नाक लावून उभी करता येते, पण बॅगेतली केबल ‘500 अँपियर’ छापलेली असूनही आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली बारीक तार असते. डिझेल इंजिनला ती पुरत नाही, चिमटे मात्र तापतात. केबल घ्यायचीच तर तांब्याची, पेट्रोलसाठी 16 आणि डिझेलसाठी 25 चौरस मिलिमीटर जाडीची, अडीच-तीन मीटर लांब. त्यापेक्षा लिथियम जंप स्टार्टर बरा. 1.2 लिटर पेट्रोल गाडीला लहानसा चालतो, दोन लिटर डिझेलला मोठाच लागतो. ‘पीक 1000 अँपियर’ हा आकडा क्षणभराचा असतो, स्टार्टिंग करंट वेगळा दिला आहे का ते शोधा. उलटे चिमटे लागले तर करंट न सोडणारी सोय असावी. तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा, उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

धावत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर दोष बॅटरीत नसून बहुधा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असतो. तेव्हा जंप स्टार्टर काही करू शकत नाही. एसी, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर बंद करून जवळचं एक्झिट गाठा, इंजिन बंद करू नका. मात्र त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर तापमानाचा काटाही चढू लागतो, मग लगेच थांबावं लागतं.

काट्यावरून आठवलं, पुण्याकडे जाताना खोपोली ते खंडाळा या चढावर शनिवार-रविवारच्या गर्दीत गाड्या तापतात. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पुढच्या गाडीपासून अंतर, आणि क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. वाफ दिसली की थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. सोबत एक लिटर तयार मिसळलेला कुलंट आणि दोन लिटर पाणी पुरे. बॅगेत यातलं काहीच नसतं.

टोचनाचा दोर घेऊच नका. इंजिन बंद असलेल्या गाडीत एक-दोनदा पाय दिल्यावर ब्रेक कडक होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि घाटाच्या उतारावर मागची गाडी पुढच्यावर चढते. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या तर चाकांवर ओढायच्याच नसतात, त्यांना फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, लागतो. दोराऐवजी गाडीसोबतचा स्क्रू होणारा टोचन हुक स्टेपनीच्या खाचेत आहे ना ते बघा. फ्लॅटबेडवाल्यालाही तोच लागतो.

राहिली आरएसए, म्हणजे रस्त्यात मदतीला येणारी ‘रोडसाइड असिस्टन्स’ सेवा. विम्याच्या पॉलिसीत काही शे रुपयांत मिळते आणि घ्यावी, पण कागद वाचून. वर्षात किती वेळा, टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट, अपघातानंतरचं टोचन धरलं आहे का, फ्लॅटबेड मिळेल की पुढची चाकं उचलून नेतील, हे प्रश्न विचारा. पंक्चरमध्ये ते स्टेपनी बदलून देतात, पंक्चर काढण्याचे पैसे आपलेच. इंधन पाच लिटर आणून देतात, त्याची किंमत आपली. घाटातल्या कोंडीत त्यांची गाडीही आपल्यासारखीच अडकते, म्हणून पहिला फोन त्यांना करू नये.

एक्स्प्रेसवे एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. त्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक रस्त्यावरच्या फलकांवर असतो, निघण्याआधी फोनमध्ये साठवा. राष्ट्रीय महामार्गांसाठीचा 1033 पुणे-सातारा किंवा मुंबई-नाशिक रस्त्यावर चालतो, इथला पहिला फोन तो नव्हे. जीवावर बेतेल असं काही असेल तर 112, रुग्णवाहिकेला 108. क्रम असा ठेवा: चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हॅझर्ड लाइट, डावीकडे शक्य तितकं कडेला, चाकं डावीकडे वळवून हँडब्रेक, सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे, गाडीच्या थोडं मागच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे धडक बसली तरी गाडी अंगावर येत नाही. मग फोन. सांगायचं ते तीन गोष्टींत: जवळच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा, पुणे लेन की मुंबई लेन, आणि गाडी चाकांवर ढकलता येते का. गस्तीची क्रेन गाडी मार्गातून हटवते, गॅरेजपर्यंत नेणं हे तिचं काम नाही. शुल्क आधी विचारा, पावती घ्या, आणि गाडी एक्झिटबाहेर आली की तिथून आरएसएला बोलवा.

स्टेपनी नसलेल्या गाडीवाल्यांसाठी वेगळं. 2020 च्या नियमबदलानंतर टीपीएमएस आणि दुरुस्ती किट दिलं तर कंपनीला स्टेपनी द्यायची सक्ती नाही, आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर ती सहसा नसते. अशा गाडीत पंपासोबत सीलंटची, म्हणजे आतून भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली येते. ती खिळ्याच्या भोकाला चालते, फाटलेल्या टायरला नाही. भरल्यावर लगेच पाच-सहा किलोमीटर सावकाश गाडी चालवावी लागते, नाहीतर द्रव खाली साचून राहतो. 80 च्या वर जायचं नाही, आणि टायरवाल्याला आत सीलंट आहे हे आधी सांगायचं, नाहीतर टायर उघडताना सगळं त्याच्या अंगावर. बाटलीवर मुदत छापलेली असते, साधारण चार वर्षं. जुनी गाडी घेताना लोक टायरची तारीख बघतात, या बाटलीची कुणी बघत नाही.